चारा, गळ आणि जाळे : शिंगाळ्याच्या मासेमारीचा इतिहास

माशाला पकडण्यासाठी माणसाने ज्या अनेक युक्त्या शोधल्या, त्यांतील एक फार जुनी युक्ती म्हणजे त्याला जेवायला बोलावणे. गळाच्या टोकाला गांडूळ किंवा कोलंबी लावून तो पाण्यात सोडणे हा त्या निमंत्रणाचा सर्वपरिचित प्रकार. दुसरा प्रकार त्याहून उदार दिसतो. त्यात गळ सोडण्याआधीच पाण्यात खाद्य पसरतात : आंबवलेले धान्य, पेंड, जनावराचे रक्त, माशांची आतडी, कुटलेली मासळी. या खाद्यात गळ लपवलेला नसतो. ते खाऊन मासा मोकळा निघून जाऊ शकतो. परंतु त्याचा वास आणि चव प्रवाहाबरोबर दूरवर जाते, त्या मागावरून मासे जमतात, आणि मग त्या जमावात गळ सोडला जातो. इंग्रजीत या खाद्याला ‘चम’ म्हणतात. बंगालमध्ये रोहू-कटल्यासाठी मोहरीच्या पेंडीचे जे मिश्रण तळ्यात टाकतात, त्याला ‘चार’ म्हणतात. आपण त्याला सरळ ‘चारा’ म्हणू.

प्रस्तुत लेखात आम्ही या चाऱ्याचा इतिहास एका विशिष्ट मत्स्यकुळाच्या संदर्भात मांडणार आहोत. ते कूळ म्हणजे आपल्या बाजारांत ‘शिंगाळा’ या नावाने येणाऱ्या, अंगावर खवले नसलेल्या, मिशा आणि काटे असलेल्या माशांचे. हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. चारा टाकून गळाने मासा धरणारा मनुष्य आणि जाळ्याने अख्खा थवा वेढणारा मनुष्य यांच्यात जो फरक आहे, तो शिंगाळ्याच्या बाबतीत पुढच्या पिढीच्या जन्माचा आणि मरणाचा फरक ठरला. तो कसा, हे क्रमाने पाहू.

मिशांचे कूळ

मांजरासारख्या मिशांमुळे इंग्रजीत या कुळाला मांजराचे नाव मिळाले. जगातील नद्या, तळी आणि समुद्र यांत मिळून या माशांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक तळाशी राहणारे, गढूळ पाण्यात वावरणारे आणि रात्री चरणारे. जिथे डोळ्यांचा उपयोग थोडा, तिथे निसर्गाने त्यांना दुसरे साधन दिले. आपल्याला चव कळते ती जिभेवरच्या सूक्ष्म रुचिकलिकांमुळे. या माशांच्या रुचिकलिका तोंडापुरत्या मर्यादित नसतात. त्या मिशांवर, ओठांवर, परांवर आणि सर्व अंगावर पसरलेल्या असतात. अमेरिकेच्या नद्यांतील एका प्रौढ माशाच्या अंगावर त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. हा मासा म्हणजे पोहणारी जीभच, असे शास्त्रज्ञ विनोदाने म्हणतात.

अमेरिकन शास्त्रज्ञ हेरिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या अंगभर पसरलेल्या चवीचा अभ्यास केला होता. पुढे १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बार्डाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दृष्टी आणि गंध या दोन्हींची मदत काढून घेतली तरी या कुळातील मासे केवळ चवीच्या आधाराने दूरचे खाद्य शोधून काढतात, असे त्यांना आढळले. उजव्या अंगाला चव अधिक तीव्र लागली की मासा उजवीकडे वळतो, डावीकडे लागली की डावीकडे. असे करीत तो मूळ ठिकाणी पोहोचतो.

चारा उपयोगी पडतो तो याच कारणामुळे. धान्य आंबते, मांस कुजते, चीज जुने होते, तेव्हा त्यांतील प्रथिनांचे विघटन होऊन अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात, आणि ही आम्लेच या माशांच्या अंगाला जाणवतात. म्हणून माणसाच्या नाकाला जी दुर्गंधी, ती त्यांच्या लेखी पंगतीची वर्दी. निसर्गही कधी कधी असा चारा टाकतो. अमेरिकेतील मोठ्या जलाशयांत कडक थंडीत शॅड नावाचे लहान मासे मरून पडतात, तेव्हा हे मिशाळ मासे तिथे गोळा होतात. माणसाने हे पाहिले आणि त्याची नक्कल केली.

डॅन्यूबच्या काठावर

या कुळाच्या मासेमारीचे एक चित्तवेधक प्राचीन वर्णन इलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या या लेखकाचा प्राण्यांच्या स्वभावावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. डॅन्यूब नदीतला सिल्युरस हा युरोपातील सर्वांत मोठा मिशाळ मासा. त्याला ओढून काढणे एकट्या माणसाचे काम नव्हे. म्हणून तिथला मच्छीमार बैलांची किंवा घोड्यांची जोडी घेऊन नदीवर येतो, जाड दोर जोखडाला बांधतो, दुसऱ्या टोकाच्या भक्कम गळाला बैलाचे भाजलेले फुप्फुस लावतो आणि तो पाण्यात सोडतो. वासाने मासा येतो, आमिष गिळतो, आणि मग नदीतला पशू आणि जमिनीवरचे पशू यांच्यात रस्सीखेच सुरू होते. भाजल्यामुळे त्या फुप्फुसाचा वास पाण्यात किती पसरला असेल, याची कल्पना करता येते. गळाचे आमिष आणि चारा ही दोन्ही कामे तिथे एकच वस्तू करीत होती.

इलियनच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलने याच कुळाविषयी एक वेगळी गोष्ट नोंदवली होती. ग्रीसच्या नद्यांतील ‘ग्लानिस’ नावाच्या माशात अंड्यांची राखण नर करतो, असे त्याने लिहिले. मादी अंडी घालून निघून जाते. नर चाळीस-पन्नास दिवस तिथेच थांबतो आणि जवळ येणाऱ्या लहानमोठ्या माशांना हाकलून लावतो. त्या धावपळीत तो जो आवाज करतो, त्यावरून कोळ्यांना त्याची जागा कळते. अंडी चिकटलेली मुळे कोळ्यांनी उथळ पाण्यात ओढत आणली, तरी नर त्यांच्यामागे येतो. अननुभवी नर जवळ आलेल्या लहान माशांवर झडप घालताना गळाला लागतो. अनुभवी नर मात्र बळकट दातांनी गळ तोडतो, पण जागा सोडत नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा नर गळाला लागतो तो भुकेमुळे नव्हे, तर राखणदारीमुळे. चाऱ्याच्या इतिहासात हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि आम्ही शेवटी त्याच्याकडेच येणार आहोत.

ॲरिस्टॉटलच्या या कथनावर पुढे अनेकांनी अविश्वास दाखवला, कारण मध्य युरोपातील सिल्युरसच्या वागण्याशी ते जुळत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लुई अगासीझ या निसर्गशास्त्रज्ञाने अमेरिकेतील मिशाळ नर अंडी राखताना पाहिले, आणि त्याला जुन्या ग्रीक नोंदीची आठवण झाली. त्याने ग्रीसमधील ॲकेलोस नदीतील मासे मागवले. ते मध्य युरोपातील जातीहून निराळे निघाले. १८९० साली गार्मन यांनी त्या जातीचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले, आणि तिच्या शास्त्रीय नावात ‘अरिस्टोटेलिस’ हा शब्द कायमचा बसला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोळ्यांचे निरीक्षण खरे होते. ते ऐकून लिहिणाराही खरा होता.

गालीलच्या सरोवरात

या कुळाचा एक मासा आपल्या परिचयाच्या दुसऱ्या पाण्यातही आहे. गालीलच्या सरोवरात क्लॅरियस जातीचा मिशाळ मासा पूर्वापार राहतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस कफर्णहूमच्या झऱ्याविषयी लिहितो, की त्यात अलेक्झांड्रियाजवळच्या तळ्यातल्यासारखा ‘कोरासिन’ मासा मिळतो, म्हणून काही लोक त्या झऱ्याला नाईल नदीची एक शीर मानतात. हा कोरासिन म्हणजे क्लॅरियसच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

परंतु हा मासा तिथल्या यहुदी कोळ्याच्या उपयोगाचा नव्हता. ज्याला पर आणि खवले आहेत तोच मासा खावा, असा लेवीयच्या पुस्तकातील नियम. मिशाळ माशाला खवले नाहीत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात समुद्रात टाकलेल्या जाळ्याचा दाखला आहे. जाळे भरल्यावर कोळी काठाला बसतात, चांगले मासे भांड्यांत जमा करतात आणि वाईट टाकून देतात. टाकून दिलेल्यांत हे बिनखवल्यांचे मासे असावेत, असे भाष्यकारांचे म्हणणे आहे. दाखल्याचा आध्यात्मिक अर्थ सांगणे हा या लेखाचा विषय नाही. मासेमारीच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : गळ एका माशाशी व्यवहार करतो, जाळे सर्वांना एकत्र ओढते आणि निवड नंतर काठावर होते.

याच क्लॅरियसचे पुढचे प्रकरण आपल्या राज्यात घडले, म्हणून त्याचा उल्लेख इथेच करतो. आफ्रिकेपासून पश्चिम आशियापर्यंत पसरलेली ही जात आपल्याकडे ‘थाई मागूर’ या नावाने चोरवाटेने आली. कमी पाण्यात, घाणीतही ती झपाट्याने वाढते, म्हणून कित्येक ठिकाणी तळी खणून कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर ती पोसली गेली. इतर देशी माशांना ती फस्त करते. भारत सरकारने २००० साली तिच्या पैदाशीवर बंदी घातली, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याला असे साठे शोधून नष्ट करावे लागले. ज्या सडक्या मांसाचा एकेकाळी चारा म्हणून उपयोग होई, तेच इथे रोजचे खाद्य झाले. दोष त्या माशाचा नव्हे. त्याच्या भुकेचा बेसुमार व्यापार करणाऱ्यांचा आहे.

मिसिसिपी आणि आंबलेले धान्य

इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन यांचा गळाच्या मासेमारीवरील सुविख्यात ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तळ्यातील माशांसाठी चारा तयार करण्याच्या कृती आहेत. भरड दळलेले सातूचे माल्ट उकळून, गाळून पाण्यात टाकावे. कार्प माशासाठी शेण, रक्त, कोंडा, कोंबडीची आतडी अशा वस्तू वापराव्यात, असे तो सांगतो. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच या विद्येला पाकशास्त्राचे रूप आले होते.

त्यानंतर वीसच वर्षांनी, १६७३ च्या जून महिन्यात, येशूसंघीय धर्मगुरू फादर झाक मार्केत आणि त्यांचे सहकारी लुई जोलिए यांच्या होड्या मिसिसिपी नदीत शिरल्या. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एक प्रसंग आहे. एक प्रचंड मासा होडीवर इतक्या जोराने आदळला, की एखादे मोठे झाड होडीचे तुकडे करणार असे त्यांना वाटले. हा मासा मिसिसिपीतील मिशाळ मासाच असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे मार्क ट्वेन यांनी मिसिसिपीवरील आपल्या १८८३ च्या पुस्तकात या प्रसंगाची आठवण काढली, आणि सहा फुटांहून लांब अशा एका माशाचा आपला अनुभवही सांगितला.

मिसिसिपीच्या खोऱ्यात या कुळाचे तीन मोठे मासे आहेत : चॅनेल, ब्लू आणि फ्लॅटहेड. तिघांचे स्वभाव भिन्न. फ्लॅटहेड मुख्यत्वे जिवंत मासे खातो. त्याच्यासाठी चाऱ्याचा खटाटोप फारसा कामी येत नाही. चॅनेल मात्र चाऱ्याचा खरा गिऱ्हाईक. तिथले गावकरी गहू, मका किंवा ज्वारी बादलीत भिजवतात, झाकण लावून काही दिवस उन्हात ठेवतात आणि आंबट वास सुटला की ते धान्य नदीवर नेतात. काही जण गुरांना घालायची सरकीची किंवा सोयाबीनची पेंड वापरतात, कारण ती पाण्यात सावकाश विरघळते. चारा कुठे टाकायचा, याला फार महत्त्व आहे. वाहत्या पाण्यात तो गळाच्या वरच्या अंगाला टाकतात, म्हणजे चव खाली वाहत जाते आणि मासा तिच्या मागावरून वर येतो. साचलेल्या पाण्यात तो एकाच जागी, थोडा थोडा टाकतात. फार टाकला तर मासा तिथेच पोट भरून घेतो आणि गळाकडे पाहत नाही. मग अर्धा-पाऊण तास वाट पाहायची, आणि काळीज, जुने चीज किंवा पिठाचा उग्र गोळा लावून गळ सोडायचा.

या पद्धतीत मोजमाप आहे, संयम आहे, आणि एक अंगभूत मर्यादा आहे. एका गळाला एका वेळी एकच मासा लागतो. लहान असेल तर तो जिवंत सोडता येतो. आणि जो भुकेला आहे, तोच येतो.

पिंपांचा धंदा आणि १८८७ चा कायदा

चाऱ्याला धंद्याचे रूप आले ते नदीत नव्हे, तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, आणि मिशाळ माशासाठी नव्हे, तर बांगड्याच्या कुळातील मॅकरेलसाठी. ही कथा आमच्या विषयाशी निगडित आहे, कारण पुढे आपल्या किनाऱ्यावर जे घडले त्याची रंगीत तालीम तिथे होऊन गेली होती.

१८१५ च्या सुमारास तिथल्या खलाश्यांनी शिशाने जड केलेला एक चकचकीत गळ वापरण्यास सुरुवात केली, आणि त्याच्या जोडीला कुटलेल्या मासळीचा चारा. मेनहेडन नावाचे तेलकट मासे यंत्रात दळून त्यांचा लगदा गलबताच्या बाजूने समुद्रात सोडत. मॅकरेलचे थवे वर येत आणि खलाशी दोन्ही हातांनी गळ ओढत. १८३१ साली एकट्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मॅकरेलची साडेतीन लाखांहून अधिक पिंपे भरली गेली. हेही थोडे नव्हते. तरी त्यात प्रत्येक मासा एकेका हाताने ओढला जात होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पर्ससीन जाळे आले. हे जाळे थव्याभोवती गोल फिरवतात आणि तळाची दोरी बटव्याच्या नाडीसारखी ओढून आवळतात. आतला एकही मासा सुटत नाही. आता चारा नको, गळ नको, आणि माशाची भूकही नको. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मासळीचा पूर आला, आणि १८८६ साली ती एकाएकी आटली. १८८७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून पाच वर्षांसाठी १ मार्च ते १ जून या काळात धरलेले मॅकरेल देशाच्या किनाऱ्यावर उतरवण्यास बंदी केली, कारण अंडी घालण्यासाठी मासे किनाऱ्याकडे येतात ते याच ऋतूत. मासळी का आटली, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. समुद्राच्या तापमानातील बदलही त्यास कारण असू शकतात. परंतु विणीच्या काळात मासा राखला पाहिजे, हे तत्त्व त्या देशाने तेव्हा कायद्यात लिहिले.

शिंगाळा : नाव आपले, वागणे आपले

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनमध्ये फिरलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी इथल्या नद्यांतील माशांची नोंद केली आणि १८३९ मध्ये ती लंडनमध्ये प्रसिद्ध केली. स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच त्यांनी अनेक जातींना शास्त्रीय नावे म्हणून दिली. त्यांतील एका मोठ्या मिशाळ माशाला त्यांनी नाव दिले ‘सींघाला’. आज जगभरचे शास्त्रज्ञ गंगेपासून कृष्णेपर्यंतच्या त्या माशाला याच नावाने ओळखतात. आपल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचा शब्द असा विज्ञानाच्या वहीत जाऊन बसला, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा.

समुद्रातील शिंगाळा याच कुळाच्या दुसऱ्या शाखेतला. त्याच्या शाखेचे एक वैशिष्ट्य फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘भारतातील मासे’ या आपल्या महाग्रंथात नोंदवले. या माशांत मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेतो. अंडी थोडी, पण मोठी असतात : एका खेपेस काही डझन ते शे-सव्वाशे, आणि प्रत्येकाचा व्यास सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक, म्हणजे जवळपास एखाद्या टपोऱ्या करवंदाएवढा. ती उबून पिल्ले बाहेर येईपर्यंत आणि पिल्ले स्वतः पोहू लागेपर्यंत नर त्यांना तोंडातच सांभाळतो. यास काही आठवडे लागतात. या सर्व काळात त्याचा उपवास असतो.

ॲरिस्टॉटलच्या ग्लानिसने मुळांपाशी उभे राहून जे केले, ते आपला शिंगाळा तोंड मिटून करतो. तारली किंवा बांगडा यांची मादी हजारो अंडी पाण्यावर सोडून देते. त्यांतली बहुतेक नष्ट होतात आणि तरीही कूळ चालते. शिंगाळ्याचा हिशेब निराळा. त्याच्याकडे अंडी मोजकी, आणि त्यांचे रक्षण हेच त्याचे भांडवल. बाप गेला की अख्खी खेप गेली.

येथे चारा आणि जाळे यांतील भेद पूर्णपणे उघड होतो. अंडी तोंडात धरलेला नर भुकेला असूनही खात नाही, म्हणून चारा त्याला बोलावू शकत नाही आणि गळ त्याला लागत नाही. गळाने शिंगाळा धरणाऱ्या कोळ्याने मनात आणले नाही, तरी त्याच्या साधनानेच तो बाप राखला जात होता. जाळ्याला ही दृष्टी नाही. ते भुकेलेल्याला आणि उपाशी राखणदाराला सारखेच उचलते.

मंगळूरपासून कोकणापर्यंत

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंगळूर आणि मालपे या बंदरांतून पर्ससीन जाळ्यांची मासेमारी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. योगायोग असा, की याच दक्षिण कॅनरा जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी हेन्री सलिव्हन टॉमस या अधिकाऱ्याने मत्स्यसंवर्धनाचा अहवाल लिहिला होता, आणि १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवरचे आपले पुस्तक मंगळूरहूनच प्रसिद्ध केले होते. लहान मासे आणि विणीचे मासे वाचवावेत, असा त्याचा आग्रह होता. टॉमस आणि डे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनंतर १८९७ चा भारतीय मत्स्योद्योग कायदा झाला आणि सुरुंगाने व विषाने मासे मारण्यास मनाई झाली. त्या कायद्याला पर्ससीनची कल्पना असणे शक्यच नव्हते.

पर्ससीन मुळात तारली आणि बांगड्यासाठी आले. पण शिंगाळेही थव्याने फिरतात, आणि अंडी तोंडात धरलेले नर त्या थव्यांत असतात. जाळे आवळले गेले की गुदमरलेला नर तोंड उघडतो आणि अंडी व पिल्ले बाहेर पडतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वर्षांत कर्नाटकच्या किनाऱ्यावर अशा नरांची आणि त्यांच्या अंड्यांची मोठ्या प्रमाणावर होणारी हानी नोंदवली आणि नियमनाची निकड सांगितली. पुढच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील शिंगाळ्याची आवक फार घटली. एकेकाळी गरिबाच्या ताटातला हा मासा दुर्मिळ आणि महाग होत गेला.

महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ साली झाला. पर्ससीनविषयीचा झगडा आपल्या किनाऱ्यावर दीर्घकाळ चालला, आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर कडक निर्बंध घालणारा आदेश काढला. इतक्यात आमिषाचा आणखी एक अवतार पुढे आला होता. बोटींवर प्रखर एलईडी दिवे लावून रात्री मासे जमवायचे आणि मग जाळे आवळायचे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने आपल्या सागरी हद्दीत अशा दिव्यांच्या वापरास मनाई केली. मनाईनंतरही असे दिवे लावल्याच्या तक्रारी पारंपरिक मच्छीमारांकडून येत राहिल्या.

प्रकाश हाही चाराच. परंतु त्यात खाण्याचे काही नाही. आंबलेल्या धान्याच्या चाऱ्यात माशाला निदान घासभर खाद्य मिळत होते, आणि न येण्याची मुभाही होती. दिव्याच्या चाऱ्यात घासही नाही आणि मुभाही नाही.

इतिहास काय सांगतो

डॅन्यूबच्या काठावरील बैलजोडीपासून एलईडी दिव्यांपर्यंतचा हा प्रवास पाहिला, म्हणजे साधने बदलत गेली असे कोणी म्हणेल. आमच्या मते बदलली ती मर्यादा. जुन्या कोळ्याकडे मोठे जाळे नव्हते असे नाही. आपल्या किनाऱ्यावरची डोल जाळी शतकानुशतके जुनी आहेत, आणि ती काही निवडक मासेच धरत नाहीत. परंतु ती एका जागी रोवलेली असत. भरती-ओहोटी जे आणील ते घेत. थव्याच्या मागे धावत नसत. आणि पावसाळ्यात होड्या शाकारून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याची रीत सर्व कोळीवाड्यांत, मग ते हिंदू असोत वा ख्रिस्ती, पाळली जात होती. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचे एक कारण खरे; पण त्या विसाव्याचा लाभ मासळीला होत होता, हेही तितकेच खरे.

प्रश्न केवळ कोळ्यांचा नाही. पर्ससीनच्या बोटीवर राबणारा खलाशी बहुधा दुसऱ्याच्या भांडवलावर राबतो, आणि ते भांडवल बाजारातील मागणीवर चालते. त्या मागणीत आपल्या स्वयंपाकघरांचाही वाटा आहे. बोटभर लांबीचे शिंगाळे स्वस्त मिळाले म्हणून टोपलीभर घेणारे हात आपलेच असतात. ते घेऊ नयेत, आणि मासळी विकणाऱ्या मावशीला ‘एवढे लहान का आणलेत’ असे आपुलकीने विचारावे, एवढे तरी आपल्या हाती आहे. बाजारात रोज होणारी ही विचारपूस बंदरापर्यंत पोहोचते, असा आमचा विश्वास आहे.

ॲरिस्टॉटलला ज्यांनी ग्लानिसची गोष्ट सांगितली, त्या कोळ्यांनी त्या राखणदार नराला पकडलेच होते. परंतु तो का पकडला जातो, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते लपवले नाही. आपल्यालाही आता शिंगाळ्याविषयी ते ठाऊक झाले आहे. त्या माहितीचे आपण काय करतो, हे येत्या काही वर्षांत आपल्या बाजारातल्या टोपल्याच सांगतील.